मंडपातील साक्षीदार

लग्न ठरले की घरात याद्या होऊ लागतात. भटजी कोण, कार्यालय कोणते, आचारी कुठला, अशा क्रमाने पूर्वी विचार चाले. अलीकडे त्या यादीत छायाचित्रकाराचे नाव आचाऱ्याच्याही वर गेले आहे. बेळगाव-निपाणीच्या आपल्या भागातही मुहूर्त निघताच पहिली धावपळ त्याच्यासाठी होते. हा तर निव्वळ व्यवहार, यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे वाचक विचारतील. आम्हांसही पूर्वी तसेच वाटत असे.

काही वर्षांपूर्वी निपाणीस आमच्या चुलतबंधूंच्या मुलीचे लग्न होते. वधूची आजी, म्हणजे आमच्या थोरल्या काकी, वयाच्या ८६ व्या वर्षी गोव्याहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि काकी व वधूवर यांच्यामध्ये चार जण कॅमेरे घेऊन उभे राहिले. मंगळसूत्राच्या वेळी भटजींना थांबवून वरास सांगण्यात आले, "पुन्हा एकदा, जरा इकडे पाहून." सप्तपदीची पावलेही उजेड मनासारखा पडेना म्हणून दोनदा पडली. पंगत उठल्यावर आम्ही काकींस विचारले, "कार्य नीट झाले ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, म्हाका कांयच दिसूंक ना." पुढील वर्षी त्या गेल्या. आल्बम आला, त्यात तीनशेच्या वर चित्रे होती. काकींचे एकही नव्हते.

आमचा व्यवसाय साक्षीपुराव्याचा. चांगला साक्षीदार कोणता, हे आम्ही रोज पाहतो. जे घडले ते तो पाहतो आणि जसे पाहिले तसे सांगतो. आपली जबानी उठावदार व्हावी म्हणून घटनेतच फेरफार करणारा साक्षीदार कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. विवाहात आपण अग्नीला साक्षी ठेवतो, देवब्राह्मणांना ठेवतो, जमलेल्या आप्तेष्टांना ठेवतो. छायाचित्रकार हा त्या मालिकेतील नवा साक्षीदार. त्याने साक्षीदार राहावे की कर्ता व्हावे, हाच खरा प्रश्न आहे.

कायद्यानेही या बाबतीत आपला कौल दिलेला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. महाराष्ट्रातील भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, विवाह 'विधिपूर्वक' झाला असे म्हणण्यास योग्य ते संस्कार प्रत्यक्ष घडले पाहिजेत. २०२४ साली त्याच न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले की, नोंदणीचे प्रमाणपत्र हाती होते पण संस्कार झालेला नव्हता. न्यायालयाने तो विवाह मानला नाही. लग्न म्हणजे केवळ नाचगाणे व खाणेपिणे नव्हे, अशी समजही त्या निकालात दिली. तात्पर्य, कायदा विचारतो ते काय घडले, काय दिसले हे नव्हे. निपाणीच्या त्या मंडपात विवाह पहिल्याच सातव्या पावलाला झाला. दुसऱ्या वेळी झाले ते नाटक. एकमेकांस दिलेले वचन भिंगाकडे पाहून पुन्हा उच्चारले गेले, म्हणजे ते एकमेकांस दिलेले राहत नाही, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

याचा अर्थ कॅमेरा मंडपाबाहेर ठेवावा असा नव्हे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. ज्यांचे मूळ गोव्याच्या मांद्र्याकडचे, त्या आपल्याच घराण्यातील माणसाने ही विद्या इतक्या लवकर आत्मसात केली, हे अभिमानास्पदच आहे. वडील लहानपणीच गेलेल्या मुलीला त्यांच्या लग्नाचे एकुलते एक चित्र काय वाटते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परदेशी राहिलेल्या भावास बहिणीचे कन्यादान दिसते ते चित्रातच. स्मृतीची ही सेवा लहान नव्हे. पण फिल्मच्या काळी एका गुंडाळीत फार तर ३६ चित्रे निघत. पुष्कळांच्या वाट्याला तर विधी आटोपल्यावर खुर्च्यांवर बसून काढलेले एकच चित्र येई. त्या मर्यादेमुळे काय टिपावे आणि काय सोडावे, याचा विचार करावा लागे. आज ती मर्यादा यंत्राने उठवली. आता ती माणसानेच घालून घेतली पाहिजे.

मग दोष कोणाचा? छायाचित्रकाराचा, असे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण तो ठरवण्याच्या बैठकीस आम्ही स्वतः हजर होतो. आम्ही दर विचारला, आल्बमची पाने विचारली, ड्रोन आहे का हेही विचारले. पुढच्या रांगेत ८६ वर्षांची एक बाई बसणार आहे, तिला लग्न दिसले पाहिजे, हे कोणीच सांगितले नाही. मंगळसूत्राचे चित्र हुकले असते तर आम्हीच त्याला धारेवर धरले असते. ज्याची मागणी झाली तेच त्याने पुरवले. पक्षकाराने वकिलास निम्मी हकीकत सांगावी आणि निकाल विरुद्ध गेल्यावर वकिलास बोल लावावा, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून योग्य छायाचित्रकार निवडणे म्हणजे आधी आपल्यास काय जपायचे आहे ते ठरवणे होय. त्याची निवडक वीस चित्रे पाहून भुलू नये. एका साध्या लग्नाचा सबंध आल्बम मागावा, आणि त्यात म्हातारी माणसे, वाढपी, कोपऱ्यात डोळे पुसणारी आई दिसते का ते पाहावे. काम दाखवणारा आणि प्रत्यक्ष येणारा एकच आहे ना, हे विचारावे. भटजींशी त्याची आधी गाठ घालून द्यावी. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांत कोणी थांबवायचे नाही आणि काही पुन्हा करायचे नाही, हे दोघांसमक्ष ठरवावे. "हे चित्र हुकले तरी चालेल," असे यजमानाने आपल्या तोंडाने सांगावे. त्या एका वाक्याने छायाचित्रकाराचे निम्मे ओझे उतरते.

ठराव लेखी असावा. पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्रांचा स्वामित्वहक्क, उलट करार नसल्यास, १९५७ च्या कायद्याप्रमाणे काढवून घेणाऱ्याकडे असतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पण हक्काबरोबर जबाबदारीही येते. मंडपात आलेल्या लेकीसुनांनी आपली चित्रे जगभर फिरवण्यास संमती दिलेली नसते. आणखी एक गोष्ट: सकाळपासून उभ्या असलेल्या त्या माणसाला पंगतीत पान मांडावे, शेवटी उरलेले नव्हे. त्याचा हिशेबही वेळेवर चुकता करावा. साक्षीदाराचा मान राखला तरच त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करता येते.

आपल्या अनेक देवस्थानांत गाभाऱ्याशी कॅमेऱ्यास मज्जाव असतो. तेथे आपण तक्रार करीत नाही, हात जोडून उभे राहतो, आणि ते दर्शन विसरतही नाही. होमकुंडासमोरची जागा काही वेळ तरी तशीच मानता येईल. यापुढे आमच्या घरच्या कार्यात आधी घरातील सर्वांत वृद्ध माणसाची खुर्ची मांडली जाईल. तेथे बसून आम्ही स्वतः पाहू. तेथून जे दिसते ते न झाकता छायाचित्रकार कोठे उभा राहील, हे त्यानंतर ठरेल.