इरलं

पवन मावळातल्या एका वाडीत गणेश नावाचा मुलगा आजीजवळ राहत होता. मृग लागायला आठ दिवस असताना त्याला टपाल खात्यात डाकसेवकाचं काम मिळालं. सकाळी तालुक्याहून थैली यायची. तिच्यातली पत्रं, आधारकार्डं, बँकेची पाकिटं वाडीवार लावायची, खांद्याच्या पिशवीत भरायची आणि सायकलवर टांग मारून चार वाड्या फिरायच्या. शेवटची वाडी डोंगराच्या कुशीत होती. तिथं जायला 2 किलोमीटरचा अंगावर येणारा चढ. येऊनजाऊन रोजचे 16 किलोमीटर व्हायचे.

आजी म्हणाली, "गणेशा, उन्हाळ्यात हे काम कुणीबी करील. पावसाळ्यात करून दाखव."

गणेशनं ते मनावर घेतलं. कामशेतला बाजारात जाऊन त्यानं रेनकोट आणला. जाड, रबरासारखा, गुडघ्याखाली पोचणारा. दुकानदार म्हणाला, "हा घालून धबधब्याखाली उभा राहिलास तरी थेंब आत यायचा नाही." मोटारसायकलवाले तोच नेत होते. गणेशनंही तोच नेला.

मृग बरसला. पहिल्याच दिवशी चढ संपेपर्यंत गणेशचा शर्ट पाठीला चिकटला. बाह्यांच्या आतून ओघळ कोपरापर्यंत आले. उतारावर वारा लागला तशी त्याला हुडहुडी भरली. त्यात कोटाचा लोंबता घोळ साखळीत अडकला, टर्रकन फाटला आणि गणेश चिखलात आडवा झाला. पिशवी छातीशी धरली होती म्हणून टपाल तेवढं वाचलं.

तो तणतणत दुकानात गेला. "कोट गळका दिला तुम्ही."

दुकानदार रागावला नाही. त्यानं कोटाची एक धड बाही उलटी लोंबवली, मनगटाकडचं तोंड सुतळीनं आवळलं, आत तांब्याभर पाणी ओतलं आणि बाही खिळ्याला टांगली. दोघांचा चहा पिऊन झाला तरी खाली एक थेंब पडला नाही.

"पाणी बाहेरून आलं नाही, पोरा," दुकानदार म्हणाला. "तुझ्याच अंगातनं निघालं."

गणेशला भाताचं पातेलं आठवलं. झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब असतात. भात रटरटतो, वाफ वर जाते, झाकण तिला वाट देत नाही आणि तिचं पुन्हा पाणी होतं. चढावर त्याचं अंग भातासारखं शिजत होतं आणि कोट झाकणासारखा बसला होता.

एवढं त्याला कळलं. पण कळलं ते अर्धंच. आपल्याला हलका कोट हवा, असं म्हणून त्यानं पुढच्या बाजारी एक जाकीट घेतलं. काळं, अंगाबरोबर बसणारं, छातीवर चकचकीत अक्षरं असलेलं. दुकानातल्या आरशासमोर तो ताठ उभा राहिला, कॉलर वर केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. जाकीट शोभत होतं. दाम मोजून तो घरी आला.

आर्द्रा नक्षत्र लागलं. गणेश सायकलवर बसला, हँडल धरायला पुढं वाकला आणि जाकीट मागून वर सरकलं. कमरेची वीतभर जागा उघडी पडली. मागच्या चाकानं उडवलेला चिखल नेमका तिथं बसू लागला. हात लांब केल्यावर बाह्या मनगट सोडून मागं गेल्या. खांद्यावर पिशवीचा पट्टा ज्या शिवणीवर घासत होता, तिथून पाणी आत झिरपलं, कारण कापड पाणी अडवणारं असलं तरी सुईनं पाडलेली भोकं तशीच होती. एका वळणावर मागं पाहायला त्यानं मान फिरवली. मान फिरली, टोपी फिरली नाही. डोळ्यांपुढं नुसतं काळं कापड आलं आणि जीप हातभर अंतरावरून गेली. जीपवाला ओरडला, "अरे, काळ्या पावसात काळं घालून फिरतोस, दिसणार कसा?"

रोज भिजायचं, रोज गारठायचं. आठवड्यानं गणेशला कणकण आली. मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. चढाच्या पायथ्याशी आला, वर पाहिलं, आणि शेवटच्या वाडीचं टपाल पिशवीत तसंच ठेवून मागं फिरला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं म्हणून तो वर गेला. एका घरात त्यानं लिफाफा दिला. घरातल्या मुलीनं तो उभ्यानंच फोडला. नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं. कागदपत्रं घेऊन हजर राहायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची होती. तिचा बाप गणेशला काही बोलला नाही. भिंतीवरची पिशवी काढून तो लेकीला म्हणाला, "चल, शेवटची एसटी गाठू."

ती दोघं चिखल तुडवत उतार उतरताना गणेशनं पाहिली. तो घरी आला आणि आजीला सगळं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय. लावणीला ये."

तेव्हा पुनर्वसू लागला होता. मावळात या पावसाला तरणा पाऊस म्हणतात, आणि त्या दिवशी तो खरोखर तरण्यासारखा कोसळत होता. इंद्रायणी भाताची लावणी चालू होती. बायका रांगेनं वाकून चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकत होत्या. बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या कागदाच्या खोळी घेतल्या होत्या. आजीच्या पाठीवर मात्र तिचं जुनं इरलं होतं. बांबूच्या कामट्यांची जाळी, दोन जाळ्यांच्या मध्ये दाटून बसवलेली पळसाची पानं, आणि आकार पालथ्या होडीसारखा, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत.

दुपारी बांधावर बसल्यावर गणेश म्हणाला, "आजी, बघू तुझं इरलं."

त्यानं ते डोक्यावर घेतलं आणि उभा राहिला. पाऊस समोरून आला. छाती भिजली, पोट भिजलं, इरलं वाऱ्यानं मागं ओढू लागलं. त्यानं ते उतरवलं. "यानं काय पाऊस अडतोय?"

आजी म्हणाली, "आरं, उभ्यानं इरलं कळायचं न्हाई. वाक."

गणेश शेतात उतरला, आजीसारखा वाकला आणि रोपांची मूठ हातात घेतली. तोच पाऊस आता पानांवर ताडताड वाजत होता. पण मान कोरडी, पाठ कोरडी, कंबर कोरडी. पाणी मागच्या टोकावरून थेट चिखलात पडत होतं. त्यानं दहा-बारा रोपं लावली, घाम आला, आणि पुढून शिरलेली वाऱ्याची झुळूक पाठीवरून जाऊन घाम घेऊन गेली. इरलं अंगाला कुठंच चिकटलेलं नव्हतं. अंग आणि इरलं यांच्या मध्ये वीतभर हवा होती.

तो वाकलेलाच राहिला. सायकलवर आपण असेच वाकलेले असतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

आजी बांधावरून सांगू लागली. "तुझा आजा गुरं राखायचा. त्यो घोंगडीची खोळ घ्यायचा. गुराखी उभा ऱ्हातो, न्हाईतर दगडावर बसतो. त्याला घाम न्हाई, त्याला गारठा. लोकर भिजली तरी ऊब धरती. मी लावणी करती. मला वाकायचंय आन् घामबी गाळायचाय, म्हणून मला इरलं. मी घोंगडी घेऊन लावणी केली असती तर वज्ज्यानंच मोडले असते. आन् आजा इरलं घेऊन बसला असता तर छातीत थंडी भरली असती. पाऊस एकच, काम येगळं. आता तुझं काम काय, ते सांग."

गणेश म्हणाला, "मी वाकतो. घामेजतो. आणि रस्त्यावर असतो."

"मग दुकानात जाऊन ह्येच सांग. आरशाला काय इचारतोस? आरसा कवा चढ चढलाय का?"

पुढच्या सुट्टीला गणेश पुण्याला सायकलीच्या दुकानात गेला. जाकिटं पुष्कळ टांगलेली होती. त्यानं एक अंगात घातलं आणि आरशाकडं पाठ केली. एक स्टूल मागून घेतलं, त्यावर बसला आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात समोरच्या टेबलावर टेकून वाकला. आसपासची माणसं बघू लागली. गणेशनं दुकानदाराला विचारलं, "दादा, माझी कंबर झाकली आहे का?"

झाकली नव्हती. ते जाकीट त्यानं परत टांगलं. दुसऱ्याच्या बाह्या आखूड पडल्या. तिसऱ्याचा मागचा पदर पुढच्यापेक्षा वीतभर लांब होता. वाकल्यावर तो बरोबर बैठकीपर्यंत उतरला, इरल्याच्या मागच्या टोकासारखा. पुढून मात्र जाकीट आखूड होतं, मांडीत गोळा होत नव्हतं, आणि साखळीपर्यंत पोचेल असा घोळ कुठंच नव्हता. बाह्या मनगटापर्यंत राहिल्या आणि पट्टीनं आवळता येत होत्या.

मग त्यानं जाकीट उलटं केलं. आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवून सुईची भोकं बुजवलेली होती. चेनवर झाकण होतं. टोपी हेल्मेटच्या आत बसणारी होती. त्यानं ती घालून मान डावीउजवीकडं फिरवली, टोपी मानेबरोबर फिरली.

दुकानदार आता आपणहून बोलू लागला. त्यानं चिठ्ठीवरचे दोन आकडे दाखवले. पहिला 10,000. म्हणजे या कापडावर 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तर तेवढ्या दाबापर्यंत पाणी आत येत नाही. दुसराही 10,000. म्हणजे एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत तितके ग्रॅम वाफ बाहेर जाऊ शकते. कापडातली छिद्रं इतकी बारीक की वाफ जाते, थेंब शिरत नाही.

गणेशनं विचारलं, "आमच्याकडं हवाच ओली असते. ढग रस्त्यावर उतरलेला असतो. मग वाफ जाणार कुठं?"

दुकानदारानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "खरं आहे. बाहेर कोरडी हवा असली की हे कापड चांगला श्वास घेतं. सह्याद्रीच्या पावसात त्याचा श्वास कोंडतो. म्हणून तुम्ही आकड्यापेक्षा खिडक्या बघा." त्यानं जाकिटाचा हात वर केला. काखेत लांब चेन होती. पाठीवर एका झापेखाली जाळी होती. गणेशला इरल्याखालून गेलेली झुळूक आठवली आणि त्याचा निर्णय झाला.

रंग त्यानं पिवळा घेतला. पाठीवर आणि बाह्यांवर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या होत्या. किंमत आधीच्या दोन्ही कोटांच्या बेरजेपेक्षा जास्त होती. पण आधीचे दोन्ही कोट घरी पडून होते.

निघताना दुकानदारानं जाकिटावर पाण्याचे चार थेंब टाकले. अळवाच्या पानावर नाचावेत तसे ते नाचले आणि घरंगळले. "हे असं नाचतंय तोवर ठीक. थेंब पसरायला लागला, कापड ओलं होऊन जड झालं, की समजा वरचा लेप गेला. मग वाफही अडते. चिखल लागला तर साध्या पाण्यानं धुवा. सुवासिक कंडिशनरमध्ये बुडवू नका, ब्रशनं खरडू नका. आणि नुसत्या जाकिटावर विसंबू नका. बरंच पाणी खालून येतं. दोन्ही चाकांना मडगार्ड बसवा."

गणेशनं मडगार्ड बसवले. पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खिळला, म्हणजे चाकाचं पाणी बुटांवर येणार नाही. टपालाची पिशवी जाड प्लॅस्टिकमध्ये घालून कॅरियरला बांधली. खांदा मोकळा झाला, शिवणीवरचं घासणं थांबलं. पायांसाठी त्यानं काही घेतलं नाही. पाय भिजतात आणि वाळतात. छाती आणि पाठ सांभाळली की माणूस चालतो.

पुष्याचा म्हातारा पाऊस लागला, तेव्हा गणेश चढाच्या पायथ्याशी उभा होता. काखेतल्या चेन त्यानं उघडल्या आणि सावकाश पायडल मारत निघाला. वर पोचल्यावर चेन लावल्या, मगच उतार घेतला. मधल्या वळणावर समोरून जीप आली. तिनं लांबूनच वेग कमी केला आणि बाजू दिली. शेवटच्या वाडीतल्या त्या घरात मुलीच्या आईनं त्याला गुळाचा कोरा चहा दिला. मुलीला प्रवेश मिळाला होता. गणेश म्हणाला, "काकी, इथून पुढं तुमचं टपाल एक दिवसही माझ्याकडं राहणार नाही."

संध्याकाळी तो घरी आला. आजीनं जाकिटाखाली हात घालून त्याची पाठ चाचपली.

"वलसर हाय रं," ती म्हणाली.

"ओलसर आहे, आजी. 16 किलोमीटर पायडल मारल्यावर तेवढी व्हायचीच. पण गारठलेली नाही. उद्याही जाता येईल."

आजीनं जाकीट झटकलं आणि इरल्याशेजारच्या खुंटीला अडकवलं. दोन्हींच्या मागच्या टोकांतून पाणी ठिबकत राहिलं.

तात्पर्य : पांघरूण आरशात पाहून नव्हे, आपलं काम पाहून निवडावं. आपण कसे वाकतो, किती घाम गाळतो आणि कुठून जातो, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच योग्य वस्तू ओळखू येते.