अमक्याचं जनुक

पूर्वी गवयाच्या घरातल्या पोराने दोन ताना सुरेल घेतल्या की लोक म्हणायचे, गाणं रक्तातच आहे. आता म्हणतात, जीन्समध्येच आहे. रक्त बिचारं उगाच बडतर्फ झालं. ‘रक्तात आहे’ ही बोलण्याची एक तऱ्हा आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक असायचं आणि ऐकणाऱ्यालाही. त्यासाठी कुणी रक्त तपासायला पाठवत नसे. ‘जीन्समध्ये आहे’ म्हटलं की मात्र त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का बसतो, आणि ‘खाण तशी माती’ ही जुनीच समजूत पांढरा कोट घालून पुन्हा दारात उभी राहते. अधूनमधून मथळेही झळकतात, लठ्ठपणाचं जनुक सापडलं, झोपेचं सापडलं, रागाचं सापडलं. मला त्यात खटकतो तो ‘चं’. हा षष्ठीचा प्रत्यय मोठा लबाड आहे. मातीचं मडकं, कुंभाराचं मडकं, पाण्याचं मडकं: प्रत्यय एकच, पण एकदा तो मडकं कशापासून झालं ते सांगतो, एकदा कुणी केलं ते, आणि एकदा कशासाठी केलं ते. मग ‘रागाचं जनुक’ यांतल्या कोणत्या अर्थाने?

जनुक म्हणजे डीएनएचा तुकडा, त्यावरून पेशीत प्रथिन बनतं, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं आहे. एखादं जनुक अमक्या कामाचं आहे हे कळलं कसं, ते मात्र शाळेत फारसं कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांच्या एका लहानशा खोलीत दुधाच्या बाटल्यांमधून, केळ्याच्या लगद्यावर फळमाश्या पोसल्या जात. फळमाशीचे डोळे विटेसारखे लाल असतात. १९१० साली तिथे एक नर पांढऱ्या डोळ्यांचा निघाला, आणि त्याच्या पिढ्या मोजता मोजता जनुकं गुणसूत्रांवर असतात या सिद्धांताला भक्कम पुरावा मिळत गेला. त्या जनुकाचं नाव पडलं ‘व्हाइट’, म्हणजे पांढरं. आता गंमत पाहा. हे जनुक धडधाकट असतं तेव्हा डोळे लाल होतात. त्याचं प्रथिन रंगद्रव्यांचा कच्चा माल डोळ्याच्या पेशींमध्ये आत नेतं. हा हमालच नसला तर माल बाहेर राहतो आणि डोळा कोरा. ‘ब्राउन’ची तीच कथा: ते बिघडलं की लाल रंगद्रव्य नाहीसं होऊन डोळा तपकिरी दिसतो. ‘टिनमन’ नावाचं एक जनुक आहे, ते नसेल तर माशीत हृदयच घडत नाही. नाव एका अमेरिकन गोष्टीतल्या, हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून ठेवलेलं. आपल्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असतो. इथे नाव कथलाचं आणि हाती सोनं. पण ही नुसती थट्टा नाही. माशीवाल्यांनी नकळत प्रामाणिकपणा केला. जनुक काय करतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते बिघडलं की काय होतं एवढंच दिसलं होतं, आणि तेवढंच त्यांनी नावात ठेवलं.

मीठ नसलं तर आमटी अळणी होते, म्हणून मीठ आमटी करत नाही. एखादी गोष्ट घडते कशाने आणि दोन गोष्टींत फरक पडतो कशाने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यावर रिचर्ड डॉकिन्स यांचं उत्तर तयार असतं. ‘द एक्स्टेंडेड फेनोटाइप’ या १९८२ च्या पुस्तकात त्यांनी असं मांडलं आहे की जनुकशास्त्रज्ञ बोलतो तो नेहमी फरकाबद्दलच. त्या अर्थाने ‘वाचनाचं जनुक’ म्हणायलाही हरकत नाही, कारण एखाद्या बिघाडाने वाचता येईनासं होऊ शकतं. युक्तिवाद चोख आहे आणि प्रयोगशाळेच्या भिंतींआड मला तो पूर्ण मान्य आहे. पण फरक हा जनुकाच्या खिशात नसतो. तो भोवतालच्या परिस्थितीवर उभा असतो. फिनाइलकीटोन्युरिया या आजारात एका जनुकाच्या बिघाडामुळे आहारातल्या प्रथिनांमधलं फिनाइलॅलनीन शरीरात साचतं आणि बाळाच्या मेंदूची हानी होते. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन आजार वेळीच ओळखला आणि आहारातलं फिनाइलॅलनीन काटेकोर मोजून ठेवलं, तर ती हानी टळते. जनुक होतं तसंच आहे, तुटलेलं. फरक मात्र मोठ्या प्रमाणात गेला. मग हे मतिमंदत्वाचं जनुक म्हणायचं की नेहमीच्या आहाराशी न जमणारं? डॉकिन्स म्हणतील, परिस्थिती तीच धरून चला. हो, पण मथळा वाचणाऱ्याला ही अट कोण सांगतं? शिवाय तोडून पाहण्याची पद्धत स्वतःच अर्धी आंधळी आहे. यीस्टची सुमारे सहा हजार जनुकं एकेक करून काढून पाहिली, तर भरपूर अन्न असताना त्यांतल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावाचूनच त्याचं अडतं. बाकीची काय बिनकामाची आहेत? एकाचं काम दुसरं सांभाळून घेतं, किंवा प्रयोगशाळेत कधी न येणाऱ्या दिवसासाठी ती असतात.

इथवर आल्यावर ‘अमक्याचं जनुक’ हा शब्दप्रयोगच हद्दपार करावा, असं मी म्हणणार होतो. पण वाटेत एक माशी आडवी येते. ‘आयलेस’ हेही तसलंच उलट्या नावाचं जनुक: बिघडलं की माशीचे डोळे खुरटतात किंवा येतच नाहीत. १९९५ साली बाझेल विद्यापीठात वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने ते तोडलं नाही, भलत्या ठिकाणी चालू केलं. माशीच्या पायावर, पंखावर, शृंगिकेवर डोळे उगवले. रंगाचे ठिपके नव्हेत, तर लाल, बारीक भिंगाभिंगांचे, प्रकाशपेशी जागच्या जागी असलेले अख्खे डोळे. मीठ टाकलं आणि आमटी झाली, म्हणायची वेळ आली. फरकाचा आणि घडण्याचा माझा लाडका भेद इथे लंगडा पडतो, हे कबूल करायलाच हवं.

पण त्याच गटाने उंदराचं तसलंच जनुक, पॅक्स-६, माशीत घातलं, तेव्हाही डोळा उगवला, आणि तो माशीचाच. उंदराचा एकभिंगी डोळा कसा करायचा, हे त्या जनुकात कुठेच नव्हतं. भावी पायाच्या पेशींना ते एवढंच सांगत होतं की इथे डोळा हवा. पुढचं काम माशीच्या शेकडो जनुकांनी आपल्या रीतीने केलं. आणि मातीतल्या एका सूक्ष्म गोलकृमीत याचंच भावंड आहे, पण त्याला डोळेच नाहीत. तिथे ते डोक्याची घडण सांभाळतं. म्हणजे हे जनुक मातीही नव्हे आणि कुंभारही नव्हे. ते मडक्याची मागणी नोंदवणारं गिऱ्हाईक आहे. मागणी कुणाचीही असो, मडकं त्या गावच्या कुंभाराला येतं तसंच घडणार, आणि गावात कुंभारच नसेल तर घडणारही नाही.

तेव्हा माझी मागणी मला कमी करावी लागते. तोडून पाहिलं, भलतीकडे चालू करून पाहिलं, आणि दोन्हीकडून साक्ष एकच आली, तर माशीपुरतं ‘डोळ्याचं जनुक’ खुशाल म्हणावं. त्या ‘चं’चा अर्थ निदान दाखवता येतो. गवयाच्या पोराच्या बाबतीत मात्र काय तोडलं आणि काय चालू केलं? तो पाळण्यात असल्यापासून पहाटे शेजारच्या खोलीत तानपुरा लागतो. तो एखाद्या बिनगाण्याच्या घरी वाढला असता तर काय झालं असतं, हे कुणी पाहिलेलं नाही.