टोह न घेता मदत

रागाच्या भरात आपण मुलावर हात उगारतो आणि त्याचे रडणे भिंतीपलीकडे जाते, तेव्हा आपणास आधी कशाची काळजी वाटते? मुलाच्या मनाची की शेजाऱ्यांच्या कानांची? घरची गोष्ट घरातच राहावी, या वृत्तीला धर्माचाही आधार आहे. दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये इतरांची टोह घेण्यास स्पष्ट मनाई आहे. पण प्रत्येक जण राखणदार असून आपल्या ताब्यातील माणसांविषयी त्याला जाब द्यावा लागेल, हेही आदरणीय प्रेषितांनी (स.) बजावले आहे. मग ज्या माता-पित्यांना संगोपन झेपत नाही, त्यांना समाजाने मदत कशी करावी? डोकावल्याशिवाय अडचण कळत नाही आणि डोकावणे तर निषिद्ध!

अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात या पेचावर विचार करण्याजोगा एक प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात मॅथ्यू सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘ट्रिपल पी’ हा पालकांसाठीचा कार्यक्रम 18 काउंट्यांपैकी (तेथील जिल्हेच म्हणा) 9 काउंट्यांत राबविण्यात आला. त्यासाठी तेथीलच 600हून अधिक लोकांना प्रशिक्षण दिले गेले. शाळा, बालवाड्या, आरोग्यसेवा व समाजसेवा यांत आधीपासून काम करणारी, पालकांच्या ओळखीची ही माणसे होती. त्या काउंट्यांत मुलांच्या छळाची सिद्ध प्रकरणे तुलनेने कमी राहिली, असा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. पुढे काही अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या. परंतु मला महत्त्वाची वाटते ती त्यामागील रीत. मदत सर्वांसाठी खुली असल्यामुळे वाईट पालक कोण, हे शोधत फिरण्याची गरजच उरली नाही.

अक्रअ बिन हाबिस (रजि.) यांचा प्रसंग आठवा. प्रेषितांनी (स.) नातू हसन (रजि.) यांचे चुंबन घेतलेले पाहून ते आपण होऊन म्हणाले की, मला दहा मुले आहेत, पण मी एकाचेही कधी चुंबन घेतले नाही. जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांच्या घरी चौकशीला कोणी गेले नव्हते. समोर घडलेल्या ममतेने त्यांना बोलते केले.

आपल्या मोहल्ल्यातही अंगणवाडी सेविका, शिक्षक, डॉक्टर आणि मकतबचे मौलाना आहेतच. मुलाच्या जिवावरच बेतले असेल तर मौन बाळगणे गुन्हा ठरेल. तेथे पडद्याची सबब चालणार नाही. एरवी मात्र एखाद्या थकलेल्या बापाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. ती संध्याकाळी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ऐकू आली, तर तो बाप पुन्हा कोणाकडेही जाणार नाही.