नैसर्गिक कायद्याचा अर्थ कोणी लावायचा?

कुंभकोणमच्या कॅथलिक धर्मप्रांतातील कोट्टपालयम धर्मग्रामातले दलित ख्रिस्ती आपल्याच चर्चविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या. वेगळी दफनभूमी, उत्सवातून वगळणूक अशी त्यांची तक्रार आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालय करील. पण नैसर्गिक कायद्याच्या, म्हणजे निसर्गनियमाच्या, ज्या परंपरेने मानवी हक्कांना तात्त्विक पाया दिला, तिच्याच अंगणातून लोकांना संविधानाच्या दारात का जावे लागते? निसर्गनियमाविरुद्धचा मानवी कायदा कायदाच उरत नाही, असे थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात मांडले. 1537 मध्ये पोप तिसऱ्या पॉलने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही असे जाहीर केले. तत्त्व इतके स्वच्छ असताना तमिळ मुलखात मात्र 1623 मध्ये पोपनेच ब्राह्मण धर्मांतरितांना जानवे-शेंडी ठेवू दिली. जात ही धर्माची नव्हे, समाजव्यवहाराची बाब, हा त्यामागचा युक्तिवाद. प्रोटेस्टंटही यातून सुटले नाहीत. सरफोजीराजांच्या तंजावरातले ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री जातिभेद मोडण्याच्या मिशनऱ्यांच्या प्रयत्नांविरुद्ध उभे राहिले, आणि 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जात सोडण्याचा हुकूम काढताच तिथल्या मंडळीत फूट पडली.

म्हणजे दोष तत्त्वात नसून त्याचा अर्थ लावण्याच्या मक्तेदारीत आहे. रूढीलाच निसर्ग म्हणायची सोय वरच्यांना नेहमीच असते. म्हणून अर्थ लावण्याचे काम लोकशाही रीतीने व्हायला हवे. यावर आक्षेप येईल की निसर्गनियम असतो तो बहुमतापासून वाचवायला, मग लोकशाही कशाला मध्ये आणता? आक्षेप वजनदार आहे, कारण गावात बहुमत बहुधा वगळणाऱ्यांचेच असते. पण लोकशाही म्हणजे निव्वळ डोकी मोजणे नव्हे. वगळलेल्याने कारण विचारावे आणि उत्तर द्यायला कोणीतरी बांधील असावे, हेही तीत येते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतील 208 वे कलम श्रद्धावंतांची समान प्रतिष्ठा मान्य करते, पण तक्रार ऐकणारे अधिकारी त्याच उतरंडीतले. धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे केली, तरी ते स्वातंत्र्य देणारे संविधानाचे 26 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि 17 वे कलम अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळण्यास मनाई करताना धर्म विचारत नाही.

राज्यसंस्थेचे हातही स्वच्छ नाहीत. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींत धरत नाही, आणि 1985 च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. धर्मांतरानंतरही तितकीच हलाखी राहते याचा पुरावा पुरेसा नाही, असे तेव्हा न्यायालयाला वाटले. कोट्टपालयमची कागदपत्रे आता त्याच न्यायालयापुढे आहेत.