'माहीत नाही' हा पर्याय

दोन वर्षांपूर्वी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी एक ऑनलाइन फॉर्म बनवला. तो तिच्या पुरवठादारांनी भरायचा होता. तुमचा कच्चा माल जिथून येतो, तिथे बालमजुरी आहे का? उत्तरं तीन: हो, नाही, माहीत नाही. चाचणीत बहुतेकांनी तिसरं निवडलं. क्लायंटचा निरोप आला, तिसरा पर्याय काढा. मी काढला. पाच मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात डॅशबोर्ड हिरवागार.

यात खोटं कोण बोललं? चाकणच्या एखाद्या छोट्या पेंट शॉपवाल्याला रंगाचा डीलर माहीत असतो. रंगातली चमक बऱ्याचदा अभ्रकाची असते. ते अभ्रक झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीहच्या बंद खाणींमधून मुलांनी वेचलेलं आहे का, हे त्याला कोण सांगणार? भारतातल्या अभ्रक खाणींमध्ये दोन महिन्यांत किमान सात मुलं मेली, हे थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने 2016 साली उघड केलं होतं. म्हणजे माहिती जगात होती. पेंट शॉपपर्यंत ती पोचावी, अशी सोय कुणी केली नव्हती.

1 जानेवारी 2023 पासून लागू झालेला जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा सांगतो की थेट पुरवठादारांकडची जोखीम नियमित तपासा. त्यांच्या मागच्यांची मात्र ठोस माहिती हाती आली तर. हेतू समजतो. गाडीत हजारो भाग असतात, प्रत्येक स्क्रूचा माग कोण काढणार? पण मग कमी कळण्यातच कंपनीचा फायदा होतो.

मी वर्सोव्यात राहतो. रविवारी मासळी घेताना मावशीला विचारलं, "पापलेट आपल्या बोटीचं ना?" ती म्हणाली, "नाय रे, बाहेरचा माल हाय. कुठला, ठाव नाय." आणि भाव कमी केला. न कळण्याचा तोटा तिने स्वतः सोसला. आमच्या साखळीत तो खाणीतल्या मुलाकडे जातो.

'मी फक्त कोड लिहिला' हे मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण माणसांना खरं बोलायची जी एकच जागा होती, ती मीच डिलीट केली होती. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला निदान पुढे विचारता येतं. 'नाही' लिहिलं की चौकशी संपते.

आता नव्या क्लायंटच्या फॉर्ममध्ये मी तिसरा पर्याय ठेवलाय. तो निवडला की खाली एक रकाना उघडतो: 'कोणाला विचारलं?' याची खरंच गरज आहे का, असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं. मी हो म्हणालो. मंजुरी अजून आलेली नाही.