पंखा कोणाच्या पैशाचा?

आमच्या शाळेच्या दोन वर्गांत पंखे नव्हते आणि गावातील एक गृहस्थ ते द्यायला तयार होते. घ्यावेत की घेऊ नयेत? यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे, असे वाचकांना वाटेल. पण त्या गृहस्थांचा धंदा हातभट्टीचा होता आणि गाव वर्धा जिल्ह्यातले होते. या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गावात किती, हे इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

ही डिसेंबर २०१८ मधील गोष्ट. मी तेव्हा देवळी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. पट साठ-बासष्ट. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व २२ व्या कलमांप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा आणि सरकारने त्याच आराखड्याच्या आधारे अनुदान ठरवावे. वाचायला किती सुंदर! प्रत्यक्षात अनेक मुख्याध्यापक मागचा आराखडा समोर ठेवतात, आकडे बदलतात आणि सह्या घेतात. मीही तेच करीत आलो होतो, हे आधीच कबूल करतो.

त्या वर्षी समग्र शिक्षा योजनेतून शाळांना पटानुसार एकत्रित अनुदान मिळू लागले होते. आमच्यासारख्या पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता. मी मांडलेल्या आराखड्यात भिंती रंगवून 'बोलक्या' करणे, फाटक दुरुस्त करणे आणि लोकसहभागातून पंखे मिळवणे, अशी तीन कामे होती. पंख्यांचा विषय निघताच एका सभासदाने त्या गृहस्थांचे नाव घेतले, आणि सभा पेटली.

एक बाई ताडकन उठून म्हणाल्या, "त्याचा पंखा माह्या पोराच्या डोक्यावर फिरणार नाही." त्यांच्या घरची अवस्था सगळ्यांना ठाऊक होती. नवऱ्याच्या हातात आलेली मजुरी कुठे जाते हे त्यांना रोज संध्याकाळी दिसत होते. त्या पंख्याची किंमत त्यांनी आधीच भरलेली होती, तीही हप्त्याहप्त्याने. दुसरा एक पालक म्हणाला, "पैशाले का वास येते? उन्हाळ्यात लेकरं तळतात, ते पाहा ना." तोही खोटे बोलत नव्हता. एप्रिलमधला वर्धा ज्याने पाहिला आहे, त्याला पंख्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

हा वाद ऐकताना मला राहून राहून वाटत होते की याच जिल्ह्यात, याच प्रश्नावर, फार मोठी माणसे एकदा बसली होती.

१९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. त्यांच्यापुढे दोन वचने होती: दारूबंदी करायची आणि सर्व मुलांना शिकवायचे. अडचण अशी की, शाळांवर खर्च करायला जो पैसा होता त्याचा मोठा आधार दारूवरील कराचा होता. दारू बंद केली तर शाळा कशाने चालवायच्या? बापाने प्यावे म्हणजे मुलाने शिकावे, असा हा हिशेब होता. महात्मा गांधींना तो असह्य झाला. त्यांनी 'हरिजन'मधून दुसरा मार्ग मांडला: शाळेत मुलांनी एखादा हस्तोद्योग शिकावा, त्यातूनच त्यांचे बाकीचे शिक्षण व्हावे, आणि जे तयार होईल त्याच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला, मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, देशातील शिक्षणतज्ज्ञ व प्रांतांचे शिक्षणमंत्री यांची परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघण्याची अपेक्षा, असे चार ठराव झाले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला अशी मंडळी होती. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तिच्यात दोन ख्रिस्ती बांधवही होते: वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा आणि समितीचे निमंत्रक आर्यनायकम्.

मात्र 'स्वावलंबी शाळा' या कल्पनेला परिषदेतच विरोध झाला, आणि तो खुद्द झाकीर हुसेन यांनी केला, हे आपण सहसा सांगत नाही. शाळेचा खर्च मुलांच्या हातांतून काढायचा म्हटला तर शिक्षकाचे लक्ष मुलाकडे राहील की त्याच्या टकळीकडे, अशी त्यांची शंका होती. शिक्षक गुलामांकडून काम करून घेणारा मुकादम होऊन बसेल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. त्यांच्या समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिली, पण आर्थिक बाजूच्या भरात शिक्षणाची बाजू मागे पडण्याचा धोका आहे, असा इशाराही त्याच अहवालात नोंदवला. ज्या योजनेला आपले नाव लागणार, तिच्यातला धोका स्वतःच लिहून ठेवायचा! आजकालच्या आराखड्यांत असा परिच्छेद मी तरी पाहिलेला नाही.

त्याच सुमारास मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी तिसरी वाट काढली. गावकऱ्यांनी जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून गावची शाळा चालावी. या शाळांना त्यांनी 'विद्यामंदिर' नाव दिले. त्यांचे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे उद्घाटन एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या हस्ते झाले. सरकारी तिजोरीवर भार नाही, मुलांच्या हातांवर भार नाही, गाव स्वतः देणार. यात काय चुकले? चुकले ते नावात. 'मंदिर' या शब्दाला मुस्लिम समाजाने हरकत घेतली आणि वाद इतका वाढला की तो प्रांताच्या राजकारणात शिरला. जमीन देणाऱ्यांना आणि नाव ठेवणाऱ्यांना ते नाव सर्वांचेच वाटत होते. ज्यांना वाटत नव्हते, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

दारूचा कर, मुलांचे सूत, गावाची जमीन. तिन्ही ठिकाणी देणाऱ्याबरोबर काहीतरी शाळेच्या आत आले. कराला वाटणार की दारू जास्त खपावी. सुताला वाटणार की मुलाने आणखी दोन लट्या काताव्यात. जमीन देणाऱ्याला वाटणार की शाळा आपल्यासारखी दिसावी. यात कोणी दुष्ट नव्हते. पण ज्या मुलासाठी शाळा आहे ते मूल प्रत्येक वेळी थोडेसे बाजूला सरकले. कुमारप्पा म्हणत की वस्तू विकत घेणाऱ्यावरही जबाबदारी असते. ती कशी तयार झाली, कोणाच्या पिळवणुकीतून आली, हे त्याने पाहिले पाहिजे. देणगी घेणाऱ्या शाळेलाही हे लागू नाही काय?

तर आमच्या सभेत त्या बाईंचे म्हणणे जिंकले. पंखे नाकारायचे ठरले. दीड तास गेला होता. मी आराखडा सहीसाठी पुढे सरकवला, तेव्हा दाराशी एक आई उभी दिसली. कापूस वेचणी सोडून आली होती. ओटीची गाठ तशीच होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे अकरा वाजताच्या सभेला येणे तिला किती रुपयांना पडले हे तिलाच माहीत. ती समितीची सभासद नव्हती. तिने विचारले, "सर, माह्या पोराले चौथीत असून वाचता येत नाही. भिंत रंगवल्यावर येईल का?"

कोणी काही बोलले नाही. आराखड्यात उद्दिष्टांच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिले होते: '१०० टक्के विद्यार्थी प्रगत'.

त्या रात्री मला संत मत्तयच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवला. यहुदाने रुप्याची तीस नाणी मंदिरात फेकून दिली, तेव्हा प्रमुख याजकांनी विचार केला की हे रक्ताचे मोल आहे, ते दानकोशात टाकणे योग्य नाही. त्या पैशाने त्यांनी कुंभाराचे शेत विकत घेतले. पैसा शुद्ध की अशुद्ध याबद्दल ते इतके दक्ष होते! आणि त्याच पैशाने ज्याला धरून दिले, त्याच्याविषयी त्यांच्यापैकी कोणालाच टोचणी लागली नाही. त्या बाईंना मी याजकांच्या रांगेत बसवीत नाही. त्यांचा नकार दुःखातून आलेला होता आणि तो योग्यच होता. त्या रांगेत मी होतो. पैसा कोठून येतो यावर दीड तास चर्चा करवून घेणारा आणि तो कोणत्या मुलासाठी, कशासाठी खर्चायचा हे न विचारणारा.

बरेच अधिकारी व शिक्षक म्हणतात की अडाणी पालकांना शिक्षणाची उद्दिष्टे काय कळणार? मीही म्हणत असे. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द त्या आईला ठाऊक नव्हता हे खरे. पण रेशन दुकानातली पावती आपल्या मुलाला वाचता येत नाही, हे तिला माझ्या आधी कळले होते. पुढे २०२१ मध्ये 'निपुण भारत' योजना आली आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता व मूलभूत गणित करता यावे, हे देशाचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष धरले गेले. ती आई हेच उद्दिष्ट वेचणी बुडवून सांगायला आली होती.

उलट बाजूही आहे. पालक म्हणजे काही देवदूत नव्हेत. समितीत बहुधा तेच येतात ज्यांना दुपारी वेळ असतो. ज्याला वेळ असतो त्याचे मूल बहुधा वाचत असते. मग ते संगणक मागतात, इंग्रजी माध्यम मागतात, स्नेहसंमेलनाला मांडव मागतात. 'गावाने ठरवले' असे आपण म्हणतो, तेव्हा गावातल्या कोणी ठरवले हे पाहावे लागते. म्हणून पहिला बदल आम्ही सभेच्या वेळेत केला: संध्याकाळी सात.

येथे आपल्या घरातला एक प्रश्नही विचारतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या बाहेर ठेवले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून तो विषय पुनर्विचारासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल कोणताही लागो, आपल्या मिशन शाळांत फी किती, इमारत निधी कशासाठी, मागे पडलेल्या मुलांचे काय, हे पालकांबरोबर बसून ठरवायला कायद्याने कधीच मनाई केलेली नाही. आपण किती ठिकाणी तसे बसतो? स्वयंपाकीण किंवा रिक्षाचालक असलेला पालक तिथे खुर्चीवर बसतो की दाराशी उभा राहतो?

आमच्या आराखड्याचे पुढे काय झाले ते सांगतो. रंगकाम काढून टाकले. उद्दिष्टाच्या रकान्यातली टक्केवारी खोडून तिथे अकरा मुलांची आद्याक्षरे लिहिली. वाचता न येणारी अकरा होती, त्यात चौथीची तीन. अनुदानातून गोष्टींची पुस्तके आणली आणि रोज पहिला एक तास त्या अकरा जणांचा ठेवला. एक पंखा दहा-वीस, पन्नास रुपयांच्या वर्गणीतून आला, दुसरा त्या उन्हाळ्यात आलाच नाही. एप्रिलअखेर सात मुले वाचू लागली. त्या आईचा मुलगा त्यात नव्हता. त्याला दिवाळी उजाडली. त्यानंतरच्या मार्चमध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि त्या सातांपैकी किती जणांचे वाचन टिकले, हे नंतर पाहताना मन खट्टू झाले.

आणि ते हातभट्टीवाले गृहस्थ. त्यांची मुलगी आमच्याकडे तिसरीत होती, म्हणजे कायद्याने तेही पालकच. संध्याकाळच्या पहिल्या सभेला ते आले आणि मागच्या भिंतीशी बसले. कोणी त्यांना ऊठ म्हटले नाही. पंखे नको म्हणणाऱ्या बाईंनी एकदा वळून पाहिले, एवढेच. शेवटी त्यांनी विचारले, "पोरीचा भागाकार चुकते, काय करावं?" मी काय करावे ते सांगितले.

डिसेंबरच्या सभेच्या इतिवृत्तात मी 'एका ग्रामस्थाची देणगी नाकारली' एवढेच लिहिले आहे. नाव लिहिले नाही. ती मुलगी तेव्हा चांगले वाचू लागली होती.