पाच सेंटिमीटर पाण्याचा आधार



आज गीता, अध्याय ६, श्लोक ५. अर्थ आपल्याला पाठ आहे: आपला उद्धार आपणच करायचा, स्वतःला खचू द्यायचं नाही. हा श्लोक आपण स्टेटसला ठेवतो, आणि कधीकधी दुसऱ्याला ऐकवतोही. "तुझं तूच बघ, गीतेतच सांगितलंय." पण ज्याच्यात तेवढी ताकदच नाही, त्याचं काय?

अगदी टोकाचं उदाहरण घेऊ. वेळेच्या खूप आधी जन्मलेलं बाळ. त्याच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे श्वास सोडला की हवेच्या बारीक पिशव्या मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा जोर लावून उघडाव्या लागतात. बाळ दमत जातं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. घरात एवढी सत्ता होती, पण कामाचा उपाय तेव्हा नव्हता.

अशी बाळं कण्हतात. ते नुसतं कण्हणं नसतं बरं का! श्वास सोडताना बाळ घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत धरून ठेवतं, पिशव्या मिटू नयेत म्हणून. म्हणजे उद्धाराचा प्रयत्न त्याच्या बाजूने आधीच सुरू असतो. १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवून पाहिला. २० अत्यवस्थ बाळांपैकी १६ वाचली. यालाच सीपॅप म्हणतात.

आता हा दाब बहुतेक वेळा नाकातल्या छोट्या नळ्यांमधून देतात. बबल सीपॅपमध्ये तर बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं. पाच सेंटिमीटर बुडवलं, तर साधारण तेवढाच दाब. हवा बुडबुड्यांनी निघून जाते. यंत्र बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. फक्त पिशव्या मिटू देत नाही. श्वास बाळाचाच.

मग "कमीत कमी मदत" हाच धर्म का? तसंही नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २५ ते २८ आठवड्यांची बाळं होती. सीपॅपवर सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पहिल्या पाच दिवसांत श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावाच लागला. तिथे "त्याचं त्याला करू दे" म्हणत बसणं म्हणजे तत्त्वाच्या नावाखाली क्रूरपणा झाला असता.

मला यातून एवढं कळतं. हा श्लोक स्वतःला सांगायचा आहे. दुसऱ्याकडे पाहताना त्याचा अर्थ बदलतो: त्याचा प्रयत्न कुठे चालू आहे ते आधी बघ, आणि तो मिटू देऊ नकोस. टीममधल्या ज्युनिअरचा कीबोर्ड ओढून घेणं सोपं. "शिकेल आपोआप" म्हणून सोडून देणं त्याहून सोपं. शेजारी बसून थोडा दाब धरून ठेवणं अवघड, कारण त्यात श्रेय मिळत नाही आणि लक्ष मात्र सतत ठेवावं लागतं.

आजचं चिंतन: आपल्या जवळचं कोण कण्हतंय? आणि ते कण्हणं आपल्याला तक्रार वाटतंय, की प्रयत्न?

राम कृष्ण हरी 🙏